बोअर आधी की पिस्टन आधी?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

एटीव्हीच्या, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणाऱ्या छोट्या चारचाकी गाडीच्या इंजिनाविषयी आलेल्या पत्रांमध्ये या खेपेला एकच विषय पुन्हा पुन्हा डोकावतो, तो म्हणजे झिजलेला किंवा ओरखडे पडलेला सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून थोडा मोठा करून, त्यात ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा पिस्टन बसवणे. त्यांतील सहा पत्रांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकीच्या पत्रांतील निम्म्या शंका त्याच उत्तरात मिटतात.

प्रश्न : माझ्याकडे एका सिलिंडरची, चार-स्ट्रोक, सुमारे ४०० सीसीची एटीव्ही आहे. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनाच्या प्रवासाची लांबी) ७० मिमी. गेल्या काही महिन्यांपासून ती ऑइल पिते, निळा धूर सोडते आणि चढावर दमते. ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागेल असे मेकॅनिकचे मत आहे. पिस्टन यायला वेळ लागणार असल्याने तोवर सिलिंडर ८५.५० मिमीला बोअर करून ठेवावा, म्हणजे दिवस वाया जाणार नाहीत, असे तो म्हणतो. तसे करावे का? आणि या कामाने गाडीची ताकद किती वाढेल?

उत्तर : बोअर करून ठेवू नका. पिस्टन हातात आल्यावरच सिलिंडर मशीनवर चढू द्या. दिवस वाचवण्याचा हा बेत वरवर शहाणपणाचा दिसतो, पण ८५.५० असे डब्यावर लिहिलेला पिस्टन नेमक्या कोणत्या बोअरमध्ये चालेल हे तो न मोजताच कळते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. ते कळत नाही. डब्यावरच्या आकड्याने पिस्टन ओळखायचा असतो, त्याचे माप मायक्रोमीटरनेच घ्यावे लागते. ८५.५० म्हणून विकला जाणारा पिस्टन प्रत्यक्षात ८५.४६ मिमी भरू शकतो किंवा ८५.४३ही भरू शकतो, कारण पिस्टन आणि भिंत यांच्यामधली क्लिअरन्स, म्हणजे मोकळी जागा, प्रत्येक उत्पादक आपल्या धातूनुसार आणि पिस्टनाच्या घडणीनुसार ठरवतो. या आकाराच्या इंजिनात ओतीव पिस्टनाला साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी क्लिअरन्स पुरते. फोर्ज्ड, म्हणजे घडीव पिस्टन तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून त्याला बहुधा ०.०५ ते ०.०८ मिमी आणि कधी त्याहूनही थोडी जास्त द्यावी लागते. नेमका आकडा पिस्टनासोबत आलेल्या कागदावर असतो आणि तोच प्रमाण मानावा. तुमच्या हातातल्या पिस्टनाचे मोजलेले माप आणि त्या कागदावरची क्लिअरन्स यांची बेरीज, हाच तुमचा बोअर.

हे मी नुसते वाचून सांगत नाही. उमेदवारीच्या काळात मी स्वतः एक सिलिंडर डब्यावरच्या आकड्याला करून घेतला होता. पिस्टन घडीव निघाला, क्लिअरन्स हवी त्याच्या जेमतेम निम्मी राहिली आणि पहिल्याच मोठ्या चढावर इंजिन जाम झाले. उघडून पाहिले तर पिस्टनाच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या घेरावर, त्याला दांड्याशी जोडणाऱ्या पिनच्या दोन्ही अंगांना मिळून, चार कोपऱ्यांवर चार उभे ओरखडे होते. क्लिअरन्स कमी पडल्याची हीच खूण असते, हे मला त्या दिवशी कळले.

आता थोडे मागे जाऊ. बोअर करण्याचा निर्णय घेण्यापूर्वी दोष खरोखर सिलिंडरचा आहे ना, याची खात्री तुम्ही केल्याचे पत्रात दिसत नाही. निळा धूर व्हॉल्व्हच्या सीलमधून उतरणाऱ्या ऑइलमुळेही येतो, आणि तसे असताना सिलिंडर बोअर करणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सुरू करताना, किंवा उतारावर थ्रॉटल बंद ठेवून पुन्हा उघडताना धुराचा लोट येऊन लगेच विरत असेल तर संशय आधी व्हॉल्व्ह सीलवर घ्यावा. ओझ्याखाली धूर सतत येत असेल तर रिंग (पिस्टनाभोवतीचे कडे, जे भिंतीला टेकून वायू आणि ऑइल अडवते) आणि सिलिंडर यांच्याकडे वळावे. लीक-डाउन चाचणी याबाबत सर्वांत स्पष्ट उत्तर देते. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून दाबाखालची हवा सोडायची आणि ती कोठून निसटते ते कान लावून ऐकायचे. ऑइल भरण्याच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली तर रिंग किंवा सिलिंडर, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह. नुसत्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण अनेक एकसिलिंडरी इंजिनांच्या कॅमवर सुरू करताना दाब आपोआप सोडणारी यंत्रणा असते आणि तिच्यामुळे धडधाकट इंजिनाचा आकडाही कमी दिसतो.

दोष सिलिंडरचाच ठरला तर पुढची पायरी मोजण्याची. त्यासाठी डायल बोअर गेज आणि बाहेरचा मायक्रोमीटर लागतो. व्हर्नियर कॅलिपरचे जबडे गोल भिंतीवर नीट टेकत नाहीत आणि येथे हिशेब शतांश मिलिमीटरचा आहे. वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या अक्षाला समांतर आणि आडवे असे दोन, मिळून सहा आकडे कागदावर लिहून घ्या. सर्वांत जास्त झीज बहुधा वरच्या रिंगेचा प्रवास जेथे संपतो त्याच्या किंचित खाली सापडते, कारण तेथे रिंग क्षणभर थांबते, ऑइलचा थर तुटतो आणि जळत्या वायूचा दाब रिंगेला भिंतीवर दाबून धरतो. समजा, वर ८५.०९ आणि तळाशी ८५.०१ भरले, तर सिलिंडर ०.०८ मिमीने निमुळता झाला आहे. बहुतेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये निमुळतेपणाची आणि अंडाकृतीपणाची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान दिलेली असते. तुमच्या मॉडेलचा आकडा पाहून घ्या. पिस्टनही असाच मोजायचा, पण कोठेही नाही. तो मुद्दाम किंचित अंडाकृती आणि वरून बारीक केलेला असतो, कारण माथा सर्वांत जास्त तापतो आणि फुगतो. म्हणून पिनला काटकोनात, स्कर्टच्या खालच्या कडेपासून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या उंचीवर घेतलेले मापच त्याचे माप.

वरच्या उदाहरणात ०.२५ ओव्हरसाइजही चालेल असे वाटते आणि कधी चालतेही. मात्र झीज सहसा एकाच बाजूला जास्त असते. बोअर करणारा कारागीर मूळ केंद्र धरतो, म्हणजे सिलिंडरच्या तळाची सपाट बाजू आणि तेथला न झिजलेला भाग यांवरून मशीन जुळवतो. झिजलेल्या वरच्या तोंडावरून जुळवले तर बोअर तिरका जातो. मूळ केंद्र धरल्यावर ०.२५ मध्ये प्रत्येक बाजूला केवळ ०.१२५ मिमी धातू निघतो. एखादा ओरखडा त्याहून खोल असेल तर तो तसाच राहील आणि ०.५० घ्यावे लागेल. तेव्हा ०.५० हा आकडा मेकॅनिकने मोजून सांगितला की सवयीने, एवढे त्याला जरूर विचारा. सहा आकडे लिहिलेला कागद त्याने पुढे केला तर तो माणूस भरवशाचा समजा.

बोअरिंगचे हत्यार भिंतीवर ओरबाडल्यासारखे बारीक कंगोरे ठेवते, म्हणून अखेरच्या मापाला ०.०५ ते ०.०८ मिमी बाकी ठेवून उरलेला धातू होनिंगच्या दगडांनी काढतात. होनिंगने भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी उमटते, त्या रेघांमध्ये ऑइल टिकते आणि रिंग बसायला मदत होते. दोन रेघांमधला कोन साधारण ४५ ते ६० अंशांचा असावा. तारेवर गोळ्या लावलेला लवचीक होन येथे कामाचा नाही, कारण तो भिंतीच्या आकारामागून फिरतो. वाकडे असेल ते वाकडेच राहते आणि फक्त चकचकीतपणा जातो. सिलिंडरवर हेडच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या जागी जाड प्लेट ठरलेल्या टॉर्कने आवळून होनिंग करणारा कारागीर मिळाला तर उत्तमच, कारण हेड आवळल्यावर पातळ लाइनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवलेली बिडाची नळी, किंचित दबतो आणि त्या दबलेल्या अवस्थेतच तो गोल असायला हवा.

एक बाब मात्र चांगले कारागीरही घाईत विसरतात, ती तापमानाची. बिडाचा ८५ मिमी व्यासाचा लाइनर २० अंश सेल्सियसने तापला की सुमारे ०.०२ मिमीने मोठा होतो. ॲल्युमिनियमच्या पिस्टनाला तेवढे फुगायला १० अंश पुरतात. होनिंगने तापलेला सिलिंडर तत्काळ मोजला, आणि पिस्टन मात्र गार फडताळातून काढून मोजला, तर ०.०४ मिमीच्या क्लिअरन्समध्ये निम्मी चूक नकळत शिरते. दोन्ही वस्तू एकाच खोलीत, सुमारे २० अंशांवर, काही तास शेजारी ठेवून मगच अखेरचे माप घ्यावे.

राहिला ताकदीचा प्रश्न. तुम्ही दिलेली मापे होंडाच्या टीआरएक्स ४००ईएक्सची आहेत आणि त्या मापांना इंजिन ३९७.२ सीसी भरते. बोअर ८५.५० केल्यावर ते ४०१.९ होईल, म्हणजे वाढ सव्वा टक्क्याच्या आसपास. गाडी आधीपेक्षा जोरात पळेल हे खरे, पण ते गेलेले कॉम्प्रेशन परत आल्यामुळे. ज्यांना खरोखर मोठे इंजिन हवे असते ते बोअर ८९ मिमीपर्यंत नेतात, तेव्हा त्याच स्ट्रोकला ४३५ सीसी मिळतात. पण त्यासाठी जाड भिंतीचा नवा लाइनर, मोठ्या तोंडाचे गॅस्केट आणि इंधनाची नवी जुळणी लागते. ते काम दुरुस्तीचे नाही, त्याचा विचार वेगळा करावा.

प्रश्न : सिलिंडर एकदा काढलाच आहे तर थेट १.०० मिमी ओव्हरसाइज करून घेतला तर काय बिघडते? कारागिराची मजुरी तीच पडते.

उत्तर : बिघडते ते पुढच्या वेळी. ओव्हरसाइज पिस्टन सामान्यतः ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा पायऱ्यांनी मिळतात, आणि बहुतेक उत्पादक १.०० च्या पुढे जात नाहीत. आज तुम्ही शेवटच्या पायरीवर उभे राहिलात तर पुढच्या झिजेला किंवा एखाद्या अपघाती ओरखड्याला नवा लाइनर बसवण्यावाचून मार्ग उरणार नाही. भिंत जितकी पातळ होत जाते तितकी ती तापल्यावर वाकडी होण्याची शक्यताही वाढते. जेवढा धातू काढल्याने सर्व ओरखडे पूर्ण निघतील आणि भिंत सर्वत्र एकसारखी होईल तेवढाच काढावा. माझ्या माहितीतल्या काही मंडळींनी ‘एकदाचे होऊन जाऊ दे’ म्हणून हा मार्ग घेतला, आणि लाइनर शोधत फिरण्याची वेळही त्यांच्यावरच आली.

प्रश्न : सिलिंडर फारसा झिजलेला नाही असे वाटते. पिस्टन जुनाच ठेवून फक्त ओव्हरसाइज रिंगा घातल्या तर त्या झिजलेल्या बोअरमध्ये घट्ट बसणार नाहीत का?

उत्तर : नाही. ओव्हरसाइज रिंग ओव्हरसाइज पिस्टनासाठी आणि त्याच मापाच्या बोअरसाठी बनवलेली असते. लहान बोअरमध्ये तिची टोके एकमेकांवर आदळतात, आणि ती कानशीने घासून बसवली तरी तिचा गोलाकार त्या बोअरचा नसल्याने ती भिंतीला सगळीकडे टेकत नाही.

उलट बाजूचे गणितही लक्षात ठेवण्याजोगे आहे. बोअरचा व्यास जितका वाढतो त्याच्या ३.१४ पट रिंगेच्या टोकांमधली फट वाढते, कारण रिंग परिघावर बसते. व्यासात ०.१० मिमी झीज झाली की फट ०.३१ मिमीने रुंदावते. सामान्य वापराच्या इंजिनात वरच्या रिंगेची फट बोअरच्या दर मिलिमीटरला सुमारे ०.००४ मिमी धरतात, म्हणजे ८५ मिमीला ०.३४ मिमी; तेव्हा एवढ्याशा झिजेने ती जवळजवळ दुप्पट होते. तुमचा सिलिंडर मोजून मर्यादेत निघाला, गोल आणि सरळ भरला, पिस्टनावरच्या रिंगांच्या खाचाही झिजलेल्या नसल्या, तर स्टँडर्ड मापाच्याच नव्या रिंगा घालून काम भागते. मोजण्यापूर्वी ‘वाटते’ या शब्दावर पैसे खर्च करू नका.

रिंग कोणतीही असो, ती बोअरमध्ये सोडून उलट्या पिस्टनाने थोडी खाली ढकलून आडवी सरळ करावी आणि फिलर गेजने फट तपासावी. कमी भरली तर कानस नेहमी रिंगेच्या बाहेरच्या कडेकडून आत चालवावी, नाहीतर तोंडावरचा कठीण थर उडतो.

प्रश्न : माझ्या एटीव्हीच्या सिलिंडरला आतून लोहचुंबक चिकटत नाही. एका ठिकाणी सांगितले की हा बोअर होणारच नाही, दुसऱ्या ठिकाणी सांगितले की बोअर करून मोठा पिस्टन घालू. कोणाचे ऐकावे?

उत्तर : पहिल्याचे. चुंबक जोरात चिकटला तर आत बिडाचा लाइनर आहे. तो चिकटत नाही किंवा अगदी क्षीण ओढला जातो, त्याअर्थी तुमचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असून त्याच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा आहे. माहले या जर्मन कंपनीने विकसित केलेला निकासिल हा त्यातला सर्वांत परिचित प्रकार. सुझुकी आपल्या मुलाम्याला एससीईएम म्हणते. एलटी-झेड ४०० आणि यामाहाची रॅप्टर ७०० यांच्यासारख्या गाड्यांचे सिलिंडर असे मुलाम्याचे आहेत. हा थर बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ असतो. ०.२५ मिमीचा बोअर घेतला की तो संपूर्ण निघून जातो आणि पिस्टन व रिंगा उघड्या ॲल्युमिनियमवर घासू लागतात. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम चालत नाही. ते एकमेकांना चिकटते आणि इंजिन थोड्याच वेळात जाम होते.

तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग पुष्कळ जण तपासायचेच विसरतात: मुलामा बहुधा शाबूत असतो आणि भिंतीवर दिसणारे पट्टे हे पिस्टनाचे वितळून चिकटलेले ॲल्युमिनियम असते. जाणकार कारागीर ते रसायनाने विरघळवून काढतो. हे रसायन म्हणजे जहाल आम्ल किंवा दाहक क्षार असल्याने आणि मुलामा फुटलेला असेल तेथे ते सिलिंडरलाच खात असल्याने, हा प्रयोग घरी करू नये. पट्टा निघाल्यावर खाली अखंड राखाडी भिंत दिसली आणि माप मर्यादेत भरले, तर स्टँडर्ड पिस्टन आणि नव्या रिंगा घालून प्रश्न मिटतो.

मुलामा उडालेला असेल तर दुसरा मार्ग, जुना थर उतरवून नव्याने मुलामा चढवणे. त्यावर हिऱ्याच्या दगडांनी होनिंग करून सिलिंडर पुन्हा मूळ मापाला आणता येतो आणि स्टँडर्ड पिस्टनच वापरता येतो. मला विचाराल तर मी हाच मार्ग निवडीन.

तिसरा मार्ग बिडाचा लाइनर बसवण्याचा. त्यासाठी सिलिंडर आतून मोठा करून भट्टीत तापवतात आणि गार लाइनर त्यात सोडतात. सिलिंडर थंड झाला की तो लाइनरला आवळून धरतो. ही आवळण नेमकी असावी लागते, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा सुमारे दुप्पट फुगते आणि सैल बसवलेला लाइनर चालत्या इंजिनात सुटतो. लाइनरच्या वरच्या तोंडाला कड असावी, म्हणजे तो खाली सरकत नाही. या मार्गाने गेलात तर क्लिअरन्स बदलते हे ध्यानात ठेवा. मुलाम्याचा सिलिंडर पिस्टनाबरोबर स्वतःही फुगतो, म्हणून त्याला कमी क्लिअरन्स चालते. बिडाचा लाइनर तेवढा फुगत नाही, म्हणून त्याच पिस्टनाला जास्त द्यावी लागते. रिंगाही बिडावर चालणाऱ्या प्रकारच्याच आहेत ना, हे पिस्टन मागवताना विचारून घ्या.

प्रश्न : माझी यामाहाची बॅन्शी ३५० ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी आहे. डावा सिलिंडर जाम झाला, उजवा ठीक आहे. दोन्ही सिलिंडर सुटे असल्याने फक्त डावा बोअर केला तर चालेल का?

उत्तर : दोन्ही करा. या इंजिनाचा मूळ बोअर ६४ मिमी आणि स्ट्रोक ५४ मिमी आहे. एका बाजूला ६४.५० आणि दुसऱ्या बाजूला ६४.०० असे दोन वेगळ्या वजनांचे पिस्टन एकाच क्रँकवर चालवल्याने इंजिनाचा तोल आणि दोन्ही बाजूंचे कॉम्प्रेशन बिघडते. शिवाय एक बाजू नवी आणि दुसरी झिजलेली राहिली तर थोड्याच दिवसांत हेड पुन्हा उघडावे लागेल.

टू-स्ट्रोकच्या बोअरमध्ये आणखी एक नाजूक काम असते. भिंतीत पोर्टच्या, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याच्या खिडक्या असतात आणि बोअर केल्यावर त्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या कडा वरून व खालून हलक्या हाताने गोल केल्या नाहीत तर रिंग खिडकीत अडकून तुटते आणि तुकडा माथ्यावर जाऊन हेडही खराब करतो. बोअरिंगचे काम देताना कडा मारून द्यायच्या आहेत असे स्पष्ट शब्दांत सांगा आणि सिलिंडर परत घेताना बोटाने चाचपून पाहा. रिंगेची टोके पिस्टनावरच्या बारीक खुंटीला नीट लागली आहेत याचीही खातरजमा करावी. पिस्टन उलटा बसवला तर ती टोके पोर्टसमोर येतात.

पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. डावाच सिलिंडर का जाम झाला? टू-स्ट्रोकचे ऑइल पेट्रोलसोबतच येते. मिश्रणात हवा जास्त झाली की इंधन कमी पडते, त्याबरोबर ऑइलही कमी पडते आणि पिस्टन तापत जातो. डावीकडचा कार्ब्युरेटर तुंबलेला असेल, इनटेकच्या रबराला चीर गेली असेल किंवा त्या बाजूचे क्रँक सील हवा ओढत असेल. इनटेक आणि एक्झॉस्ट बुजवून क्रँककेसमध्ये सुमारे ०.४ बार दाबाची हवा भरावी आणि ती काही मिनिटे टिकते का ते पाहावे. न टिकल्यास साबणाच्या पाण्याचे बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. हे न करता दोन्ही सिलिंडर बोअर केलेत तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाईल. जाम झालेल्या पिस्टनाचा चुरा खाली क्रँकच्या बेअरिंगमध्ये उतरलेला असू शकतो, तोही धुवून काढल्याशिवाय जोडणी करू नये.

प्रश्न : मी सहा महिन्यांपूर्वी बोअर करून नवा पिस्टन घातला. क्लिअरन्स मोजून घेतली होती, रनिंग-इनही, म्हणजे नव्या भागांना रुळवण्यासाठी सुरुवातीचे चालवणेही, अगदी सांभाळून, कमी थ्रॉटलवर केले. तरीही गाडी पुन्हा ऑइल पिऊ लागली आहे. दोष पिस्टनाचा समजावा का?

उत्तर : पिस्टनाचा दोष शेवटी समजावा. त्याआधी तीन संशयित आहेत आणि त्यांतला एक तुमच्या पत्रातच बसला आहे.

‘अगदी सांभाळून’ हा शब्द मला खटकला. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः तिच्या मागे शिरणाऱ्या जळत्या वायूच्या दाबाने. तिच्या स्वतःच्या ताणाचा वाटा त्या मानाने लहान असतो. इंजिन तासन्‌तास आयडलवर किंवा नाममात्र ओझ्यावर चालवले तर हा दाब मिळत नाही, होनिंगच्या जाळीचे कंगोरे रिंगेशी जुळण्याऐवजी तिच्याखाली गुळगुळीत होतात, त्यांच्यावर ऑइलचा काचेसारखा थर भाजला जातो आणि मग रिंग कधीच बसत नाही. इंजिन सुरू करून नीट तापू द्यावे, एकदोनदा पूर्ण थंड होऊ द्यावे, आणि त्यानंतर थ्रॉटल सतत कमीजास्त करत मध्यम ओझ्यावर चालवावे. सुरुवातीला दीर्घकाळ पूर्ण थ्रॉटल देऊ नये, हे बरोबरच आहे; पण नुसते गोंजारूनही चालत नाही. पहिल्या एकदोन तासांनंतर ऑइल बदलायचे, कारण सुटलेला बारीक धातू त्यात उतरलेला असतो.

दुसरा संशय धुण्यावर. होनिंगच्या दगडांची पूड रेघांमध्ये रुतून बसते आणि पेट्रोल किंवा रॉकेलने पुसल्यास ती निघण्याऐवजी आणखी आत जाते. ती निघते गरम पाणी, धुण्याचा साबण आणि ताठ ब्रश यांनीच. पांढरे फडके ऑइलमध्ये भिजवून भिंतीवर फिरवल्यावर ते करडे व्हायचे थांबेपर्यंत धुवत राहायचे, आणि वाळवल्याबरोबर ऑइल लावायचे, कारण उघडे बीड काही मिनिटांत गंजू लागते. हे काम कारागिराने केले असेल असे समजून घरी न धुता जोडणी करणारे पुष्कळ असतात. मी दोन्हीकडे धुतलेला सिलिंडरच बसवतो.

तिसरा संशय सर्वांत दाट आहे आणि एटीव्हीच्या बाबतीत मी बहुधा त्याच्यापासूनच सुरुवात करतो. ही गाडी धुळीतच चालते. धुळीतले वाळूचे कण बिडापेक्षाही कठीण असतात आणि एअर फिल्टरच्या कडेतून त्यांचा बारीकसा झरा जरी आत गेला तरी ऑइलबरोबर त्यांची घासणारी पेस्ट तयार होते. अशा वेळी रिंगेच्या तोंडावर उभ्या बारीक रेघा दिसतात, पिस्टनावरची वरच्या रिंगेची खाच रुंदावलेली असते आणि झीज सिलिंडरच्या वरच्या भागात जास्त असते. सिलिंडर पुन्हा काढण्यापूर्वी फिल्टर काढा आणि एअरबॉक्सपासून थ्रॉटलपर्यंत जाणाऱ्या रबरी नळीच्या आत पांढरे फडके फिरवा. फडक्यावर माती आली तर कारण सापडले. फोमचा फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळलेला आहे का, त्याच्या कडेला ग्रीसची रेघ आहे का, रबराला चीर गेली आहे का, क्लॅम्प तिरका बसला आहे का, एअरबॉक्सचे झाकण नीट बसते का, हे सारे त्याच बैठकीत पाहून घ्या. नवा पिस्टन मागवायचाच झाला तर त्याच ऑर्डरमध्ये ती रबरी नळी आणि दोन्ही क्लॅम्पही मागवा.